मीठ कालच घातलं होतं

आमच्या सासरी मटणात मीठ घालायचा मान घरातल्या थोरल्या पुरुषाचा होता. मसाला वाटायचा, खोबरं भाजायचं, धुरात बसून डोळे लाल करून घ्यायचे, ही कामं बायकांची. सगळं शिजत आलं की थोरल्यानं यायचं, मिठाच्या बरणीत हात घालायचा, मूठ भरून पातेल्यात सोडायची आणि हात झटकायचा. मग ते मटण त्याचं व्हायचं. जेवताना लोक म्हणायचे, "आबांच्या हाताला चव हाय." तीन वर्षं मी हे वाक्य स्वयंपाकघराच्या दारामागं उभी राहून ऐकलं. माझ्या हातांना मात्र आठवडाभर लसणाचा वास यायचा.

जत्रेत पुरुष मोठ्या कढईत मटण करायचे आणि मीठ वडीलधाऱ्याच्या हातानं पडायचं, तिथून ही रीत घरात आली असं सासूबाई सांगायच्या. जत्रेत निदान लाकडं फोडण्यापासून सगळं पुरुषच करतात. आमच्या घरात तेवढं मीठ आलं, लाकडं जत्रेतच राहिली.

हे आबा म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. सासरे माझ्या लग्नाआधीच वारले होते. पलूसमध्ये आमचं आणि आबांचं घर भिंतीला भिंत लागून होतं, आणि आमच्या घरातलं कुठलंही काम त्यांनी हुंकार दिल्याशिवाय पुढं सरकत नसे. माणूस तसा दुष्ट नव्हता, हे मी आज म्हणू शकते. तेव्हा म्हणाले नसते. सुनेनं त्यांच्याशी बोलायचं नाही, ही त्या घरातली दुसरी रीत. ते आले की पदर डोक्यावर घ्यायचा आणि बाजूला व्हायचं. काही सांगायचंच असलं तर सासूबाईंना सांगायचं, त्यांनी माझ्या नवऱ्याला, आणि नवऱ्यानं आबांना. नवरा कारखान्यात पाळीवर असला की निरोप संध्याकाळपर्यंत सासूबाईंपाशीच पडून राहायचा. नव्वदच्या दशकात, घरात रंगीत टीव्ही आलेला असताना, मी भिंतीपलीकडच्या माणसाशी असा व्यवहार करत होते.

माझं माहेर माणदेशातलं, साताऱ्याच्या पार पूर्वेच्या टोकाचं. मेंढरं राखणारी आमची माणसं. सासरचेही मूळचे तिकडचेच, पण एक पिढी आधी इकडं बागायती पट्ट्यात आले, ऊस लावला आणि मेंढराच्या मटणाला वास येतो असं म्हणायला लागले. वास येतो, कारण घाईनं शिजवतात. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, मेंढरांमागं हिंडताना तीन दगडांच्या चुलीवर मटण करायला शिकले होते आणि मला त्यांनीच शिकवलं. माहेरी सणासुदीचं मटण अण्णाच करायचे, आणि लाकडं आणण्यापासून भांडी घासण्यापर्यंत सगळं करायचे.

त्यांची पद्धत अशी. कोवळ्या मेंढराचं मटण, तुकडे मोठे ठेवायचे. हळद, आलं-लसूण आणि मीठ सुरुवातीलाच चोळायचं. पाण्याचा थेंब घालायचा नाही. पातेल्यावर ताट आणि ताटात पाणी ठेवायचं, म्हणजे मटण स्वतःच्या अंगच्या पाण्यात शिजतं. मिठाशिवाय मटण पाणी सोडत नाही, म्हणून ते आधीच पडायला हवं. मग भाजलेला कांदा, खोबरं आणि कांदा-लसूण मसाला घालून मंद आचेवर निवांत ठेवायचं आणि जाळ ओढून निखाऱ्यावर सोडून द्यायचं. खायचं दुसऱ्या दिवशी. सकाळी वर चरबीचा थर आलेला असतो, तो निम्मा काढला की वासही जातो आणि मसाला हाडापर्यंत मुरलेला असतो. अण्णा म्हणायचे, "आजचं मटण आज खाणारा मानूस उतावळा."

ह्या अण्णांनी माझ्या घरी तीन वर्षं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं खायचं-प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. रीतींची आम्हाला कमतरता नव्हती. दोन-तीन महिन्यांनी ते एसटीनं यायचे, पाण्याची बाटली सोबत आणायचे आणि बाहेरच्या सोप्यात टेकून तासभर बसायचे. मग स्टँडवर लिंबाखाली फडकं सोडून आईनं दिलेली भाकरी खायचे. माझा बाप स्टँडवर बसून जेवतोय आणि मी घरात ताटं वाढतेय, हा विचार आला की हातातली पळी फेकून द्यावीशी वाटायची. फेकली कधीच नाही.

मग मला मुलगी झाली. ती सात महिन्यांची झाल्यावर अण्णांचं पहिलं जेवण ठरलं. सोमवार, गुरुवार, शनिवार त्या घरात पाळायचे, म्हणून बुधवार निवडला. मी सासूबाईंना म्हटलं, त्या दिवशी मटण मी करणार, माझ्या माहेरच्या पद्धतीनं, मंगळवारीच. मला एवढंच हवं होतं की माझ्या घरचा पहिला घास घेताना अण्णांना कळावं, आपण शिकवलेलं पोरीनं जपलंय. त्यांना कौतुक करायची सवय नव्हती, पण एखादा पदार्थ जमला की ते मान एकदाच हलवायचे. त्या एका हलवण्यासाठी मी आठवडाभर आधीपासून खोबरं राखून ठेवलं होतं.

मटण आमच्याकडं मागच्या परड्यातल्या चुलीवर व्हायचं, देवघर आत होतं म्हणून. मंगळवारी दुपारी मी पातेलं चढवलं आणि मीठ चोळताना सासूबाईंना म्हणाले, "अत्याबाई, ह्यात मीठ आत्ताच पडतं. आबांना तेवढं कळवाल ना?"

आबा त्या दिवशी कुणाच्या तरी सोयरिकीच्या बोलण्यासाठी कडेगावला गेले होते. सकाळी यायचे होते.

"सांगते मी," सासूबाई म्हणाल्या. "तू नगं काळजी करू."

रात्री नवरा पाळीवरून आला तेव्हा त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "बघू सकाळी." बघू म्हणणारा माणूस बघत नाही, हे मला तोवर समजायला हवं होतं.

दिवेलागणीपर्यंत मी चुलीपाशी होते. मुलीला मांडीवर घेऊन ताटातलं पाणी आटलं की भरत होते. शेवटी जाळ ओढला, पळीवर घेऊन चव बघितली आणि मीच मान हलवली. मीठ जिथल्या तिथं होतं.

सकाळी चरबीचा थर निम्मा काढला आणि पातेलं गरम करायच्या आधी एक स्टीलचा डबा भरून बाजूला ठेवला. तो आईसाठी. मेंढरांपाशी कुणीतरी राहायला हवं म्हणून ती येणार नव्हती, आणि अण्णांनी परत जाताना तो डबा न्यायचा होता. झाकण घट्ट लावलं, फडक्यात बांधला आणि कट्ट्यावर ठेवून दिला.

अण्णा साडेअकराला आले. नवी टोपी, धुतलेलं धोतर, नातीसाठी चांदीचे वाळे. आणि हातात बाटली नव्हती. ते बघून मला भरून आलं. मी पाण्याचा तांब्या दिला, त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि सगळा प्यायले.

पातेलं चुलीवर रटरटत होतं. मी भाकरी थापत होते. तेवढ्यात भिंतीपलीकडून खाकरल्याचा आवाज आला आणि आबा परड्यात आले. कडेगावचं जमलं होतं वाटतं, खुशीत होते. मी पदर घेतला आणि बाजूला झाले. त्यांनी ताट उचललं, वास घेतला आणि मिठाच्या बरणीकडं हात नेला.

मी खोकले. ते थांबले नाहीत. मी बांगड्या वाजवल्या, उलथनं फरशीवर आपटलं. त्यांना वाटलं, सून लगबगीत आहे. मी सासूबाईंकडं बघितलं. त्या दारात उभ्या होत्या आणि त्यांनी माझ्याकडं न बघता चक्क पदराचं टोक नीट करायला घेतलं. त्यांनी सांगितलं नव्हतं, हे मला त्या क्षणी कळलं. नवरा सोप्यातून आत आला, आबांचा हात बरणीत बघितला आणि आला तसा परत फिरला. तिघं माणसं तिथं होतो, तिघांनाही माहीत होतं, आणि तिघंही तोंडात मिठाची गुळणी धरून होतो. मीसुद्धा. त्या क्षणासाठी मला स्वतःचा जेवढा संताप येतो तेवढा आयुष्यात दुसऱ्या कशाचा येत नाही. चार शब्दांचं काम होतं. आबा, मीठ घातलंय कालच.

मूठ चांगली भरलेली होती. पाहुणे होते ना! त्यांनी ती सोडली, हात झटकला आणि म्हणाले, "हं. वाढा आता." आणि चुलीजवळच्या दगडावर पान चघळत बसून राहिले. ते उठले असते तर मी कणकेचा गोळा सोडला असता, बटाटा टाकला असता, आधणाचं पाणी ओतलं असतं. ते उठले पानं मांडल्यावरच.

रस्सा जिभेला लावून बघितला. घोट गिळवेना. मी सासूबाईंना म्हटलं, "अत्याबाई, आईचा डबा वेगळा काढलाय. त्यातलं अण्णांना वाढते."

"खुळी का काय?" त्या कुजबुजल्या. "एका पंगतीत दोन भांडी करायची व्हय? आबांचा अपमान व्हईल."

माझ्या बापाच्या पहिल्या घासाचा विचार कुणी केला नाही. आबांच्या अपमानाला मात्र घरात पाट होता, पाणी होतं, सगळं होतं.

सोप्यात पंगत बसली. आबा, अण्णा, माझा नवरा आणि भावकीतले चौघं. मी वाढून दाराआड उभी राहिले. अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, तोंडात घातला. त्यांचा जबडा एकदा थांबला. मग ते शांतपणे चावत राहिले. मान हलली नाही.

इतरांचे हातही मंदावले. आबांच्या हाताची चव वाखाणायची सवय त्या दिवशी कुणाला आठवली नाही. कुणीतरी पाणी मागितलं, मग दुसऱ्यानं मागितलं. शेवटी आबांनीच ताटातला हात थांबवला आणि हसून म्हणाले, "सूनबाईचा हात लय खारट हाय की. आवं पावणं, लेकीला मीठ किती घालायचं त्ये शिकवलं न्हाई व्हय?"

तीन वर्षं ते मटण आबांचं होतं. खारट झालं त्या दिवशी सूनबाईचं झालं! मी नवऱ्याकडं बघितलं. तो भाकरीत काहीतरी शोधत होता.

आणि मग अण्णा बोलले. ते बोलले नसते तर मी कदाचित आयुष्यभर दाराआडच राहिले असते. ते म्हणाले, "चूक माजी हाय, आबा. आमच्या तिकडं पानी खारं, मानसं बी खारटच खात्यात. मीच तिला सवय लावली. तुमी मनावर घिऊ नगा."

ज्या माणसानं मला चिमटीनं मीठ मोजायला शिकवलं, त्यानं त्या मूर्ख मुठीची चूक स्वतःच्या ताटात ओढून घेतली. डोक्यात तिडीक गेली. मी कट्ट्यावरचा डबा उचलला, फडकं सोडलं आणि सोप्यात गेले. मागून सासूबाईंनी पदर धरला होता, तो सुटला.

मी आबांच्या ताटासमोर वाकले, डब्यातले दोन तुकडे त्यांच्या भाकरीवर ठेवले आणि त्यांच्याकडं बघून म्हणाले, "आबा, मीठ कालच घातलं हुतं. ह्ये तुमी यायच्या आदी काडलंय. ह्यात तुमची मूठ न्हाई. खाऊन बघा."

माझा आवाज आबांनी तीन वर्षांत पहिल्यांदा ऐकला होता, आणि मीही तो तिथं पहिल्यांदाच ऐकत होते. ते माझ्याकडं बघत राहिले. मग, का कोण जाणे, त्यांनी तुकडा उचलला आणि खाल्ला. थंड होता, चरबी लागली असेल. त्यांनी तो पूर्ण चावला आणि दुसरा उचलला. दुसरा तुकडा कुणी उगाच खात नाही, हे पंगतीतल्या सगळ्यांना कळत होतं.

उरलेला डबा मी अण्णांच्या ताटात उपडा केला. वाटलं, आता ते मान हलवतील. अण्णांनी खरकट्या हातासकट दोन्ही हात जोडले, माझ्याकडं नाही, आबांकडं बघून. "पोरगी ल्हान हाय," ते म्हणाले. "माफी करा."

मी आत निघून गेले आणि मुलीला घेऊन परड्यात बसले. रडले नाही, इतका राग आला होता.

दुपारच्या गाडीला मी त्यांना सोडायला गेले. नवरा येतो म्हणाला, त्याला मी नको म्हटलं. तोच लिंब होता. अण्णांच्या हातात रिकामा डबा होता. रिकामा पण म्हणता येणार नाही, कारण निघताना सासूबाईंनी गुपचूप त्यात गुळाचा खडा टाकला होता, रिकामं भांडं माघारी जाऊ नये म्हणून. ती रीत बरोबर लक्षात राहिली त्यांना.

आम्ही गाडीची वाट बघत उभे राहिलो. मग अण्णा म्हणाले, "मीठ बराबर हुतं गं."

"मग तिथं का न्हाई बोललात?"

"पोरीचा बाप हाय मी." त्यांनी लिंबाच्या खोडाकडं बघितलं. "मी बोलून जानार गाडीनं. ऱ्हायाचं तुला हाय."

"म्हणून खोटं बोलायचं? आम्ही खारट खातो म्हणायचं?"

गाडी आली. पायरीवर चढताना त्यांनी डबा हलवला, आतला गुळाचा खडा खडखडला. "आता तुज्या आयला काय सांगू? वाट बघत आसंल डब्याची."

"सांगा, मीठ बरोबर होतं म्हणून."

त्यानंतर आबांनी आमच्या चुलीकडं येणं सोडलं. पटलं म्हणून सोडलं असं समजू नका. रुसून सोडलं. भावकीत गोष्ट पसरली ती अशी, की सून भर पंगतीत आबांना उलटून बोलली. मिठाचा उल्लेखही त्यात नसायचा. सासूबाई महिनाभर म्हणत होत्या, "तुज्यापायी आबांनी मीठ सोडलं." नवरा म्हणाला, "तुझं बरोबर होतं, पण पद्धत चुकली." मी त्याला विचारलं, पद्धत कुणाची बरोबर होती, दारातून माघारी फिरणाऱ्याची का? त्यावर तो अंघोळीला गेला. वर्षभर घरात मटण झालं ते मीच केलं, मीच मीठ घातलं, आणि चव आहे म्हणायचं सगळ्यांनी एकमतानं टाळलं.

पुढच्या वर्षी मुलीचं जावळ काढलं तेव्हा अण्णा आणि आई दोघंही आले. आईची माझ्या घरी ती पहिलीच वेळ. मेंढरं शेजाऱ्यावर टाकून आली होती. जावळाला आबांना बोलवावंच लागलं, आणि तेही टोपी घालून, माझ्याकडं न बघता, येऊन बसले. मटण मी आदल्या दिवशीच केलं होतं.

माणसं जास्त आणि जागा कमी, म्हणून त्या दिवशी बायकांची एक रांग पुरुषांसमोरच सोप्यात बसली. आईनं पहिला घास घेतला. सावकाश चावला. आई घरात कमी बोलणारी आणि बाहेर त्याहून कमी बोलणारी बाई. पण तिनं मान वर केली आणि सगळ्या सोप्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "ह्यात मीठ कुणी घातलंय?"

माझ्या हातातली भाकरीची दुरडी तशीच राहिली. नवरा ताटात बघायला लागला. सासूबाईंचा हात पदराकडं गेला. आबांनी चावायचं थांबवलं. आई माझ्याकडं बघत नव्हती, आबांकडंही नाही. ती अण्णांकडं बघत होती, आणि नजर काढत नव्हती.

अण्णांनी तोंडातला घास संपवला. पाणी प्यायले. तांब्या खाली ठेवला.

"माज्या लेकीनं," ते म्हणाले. "काल."

आणि मान एकदा हलवली. वर्षभर उशिरा.